मागची सीट

बडा गणपतीला नव्या गाड्यांच्या पूजेची रांग होती. माझ्यापुढे एक आई, तिचा मुलगा आणि त्याची लाल स्पोर्ट बाईक.

"आई, आवाज ऐक. मस्त ना?"

"मस्त. पण मागची सीट केवढी उंच रे!"

"स्पोर्ट बाईक अशीच राहते."

"बाबांच्या मागे स्कूटरवर जन्मभर बसले मी. हे गुडघे घेऊनसुद्धा."

"तो खटारा एक्सचेंजमध्ये दिला, म्हणून तर ही आली."

"मला विचारायचंस तरी."

"सरप्राइज होतं, यार!"

तेवढ्यात पंडितजींनी नारळ फोडला. "लो भिया, पूजा हो गई. अब पहली सवारी माताजी की."

"नको, पंडितजी. मी ई-रिक्षाने जाते."

"हां, आणि प्रसाद पण तूच ने, आई. या गाडीत ठेवायला जागाच नाही."