कुंकवाखालची ओळ

तुम्ही गाडीच्या वॉरंटीचं बोलायलाव, म्हणून आमचे अप्पा, म्हणजे वडील, आठवले. संतपूरच्या घरी नवी गाडी आली तेव्हा अप्पांनी तिची पूजा केली. वॉरंटीचं पुस्तक उघडून त्यालाही कुंकू लावलं अन् फोडलेल्या नारळाची एक वाटी बॉनेटखाली ठेवली.

मग रोज संध्याकाळी ते उभ्या गाडीत डोळे मिटून बसायचे. समोर तुरीचा पिवळा फुलोरा.

"कुठं जायलाव, अप्पा?"

"कमठाण्याला. अक्काकडं."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, आता अंथरुणाला खिळलेली. अन् खरंच निघायच्या दिवशी गाडी सुरूच होईना. शोरूमचा मेकॅनिक आला. नारळ खायला आलेल्या उंदरांनी वायरीही कुरतडल्या होत्या.

"वॉरंटी हाय की!" म्हणत मी पुस्तक पुढं केलं.

त्यानं पानावरचं कुंकू अंगठ्यानं पुसलं अन् खालची बारीक ओळ वाचून दाखवली. उंदरांनी केलेलं नुकसान वॉरंटीत येत न्हाई.

मी भडकलो. "अप्पा, नेमकं हितंच कामून लावलं कुंकू?"

"एवढं बारीक लिहिलेलं बघून मला वाटलं, मंत्र हाय."

अन् ते शांतपणे गाडीत जाऊन बसले, डोळे मिटले.

"दार लाव. अक्का वाट बघायलीय."