देवाचा कुत्रा म्हणून दाखवलेली उशी

नाव मॉरीन टॅपस्कॉट, वय ६१, धंदा शाळेत जेवण वाढायचा, आता काही नाही. राहणार टॅनरी लेन, वेल्मिन्स्टर, कॅथेड्रलच्या मागे.

समक्ष सांगते की, आज गुरुवारी दुपारी मी कॅथेड्रलमध्ये गेले. प्रार्थनेला नाही. प्रार्थना करणाऱ्यांना हल्ली कोपऱ्यात बसवतात. मधली जागा कॉफीवाल्याला दिली आहे.

तिथे गुडघे टेकायच्या उशा आहेत, गावातल्या बायकांनी लोकरीच्या टाक्यांनी चित्रं भरलेल्या. 'देवाचं कोकरू' म्हणजे येशू, त्या कोकराची उशी माझ्या आईने भरलेली. कोकरू कुत्र्यासारखं दिसतं, हे मान्य. आईला चित्र जमत नव्हतं. आता ती उशी चौथऱ्यावर मांडली आहे. पाटी अशी: 'देवाचा कुत्रा. कारागीर अज्ञात.' दुकानात त्याच कुत्र्याचे मग आणि सपाता मिळतात. आईचं नाव मी तिथल्या मोठ्या पाद्रींना, कॅनन स्पिलर यांना, कितीदा सांगितलं. दर वेळी म्हणाले, "वा, किती गोड."

आज गाइड ह्यूगो फेन पाहुण्यांचा घोळका घेऊन आला. आठशे वर्षांच्या खांबांकडे कुणी मान वर केली नाही. ह्यूगो म्हणाला, "आता बघा आमचं लाडकं ध्यान. हे खरं तर कोकरू."

एक बाई म्हणाल्या, "अय्या, कोकरू होय? मला वाटलं भिजलेला कुत्रा."

ह्यूगो म्हणाला, "भरणारीने चार घोट घेतले असतील हो."

सगळे हसले. माझी आई चहाशिवाय काही घेत नसे.

मी सदर उशी चोरली व काखेत मारून निघाले. ह्यूगो म्हणाला, "अहो मावशी, तिला हात लावायचा नाही."

मी म्हटलं, "गुडघ्याखाली घ्यायची असते ती. तू टेकलायस कधी?"

दारात पहारेकऱ्याचा बूट माझ्या पायावर पडला. मी 'सॉरी' म्हणाले. फिर्यादीत लिहिलंय, आरोपीने जागेवरच गुन्हा कबूल केला. पाय माझा, बूट त्याचा. आपल्याकडे टेबलाला धडकलं तरी माणूस टेबलाला सॉरी म्हणतो. इथे ठाण्यात हवालदार प्रिडी मला खुर्ची देताना दोनदा 'सॉरी' म्हणाले. त्यांनी काय कबूल केलं, तेही लिहून घ्यावं.

मग कॅनन स्पिलर ठाण्यात आले. "मॉरीन, उशी दे, दोन ओळी माफीच्या लिही, विषय संपला."

"पाटीवर नाव लागेल?"

"अगं, लोकांना अज्ञातच आवडतं. त्यात गूढ असतं."

"मग चोरही अज्ञात लिहा," मी म्हटलं. ते गेले.

माफी लिहिली नाही, म्हणून उशी जप्त होईल आणि कोर्टात जाईल. प्रिडी म्हणाले, जप्त मालाला चिठ्ठी बांधावी लागते, काय लिहू? मी सांगितलं तसं त्यांनी लिहिलं: 'कोकरू. भरणारी एनिड टॅपस्कॉट.'

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितलं तेच त्यात आहे. फक्त 'चोरली' हा शब्द माझा नाही. चिठ्ठी बांधून झाल्यावर तो तसाच राहू दिला आणि सही केली.