बंद डब्यातून काहीच ऐकू आलं नाही

नाही, पण मी म्हणते, डबा बंद आहे ना? मग तो गाडीला जोडता कशाला? ठेवा ना सोडवून बाजूला! पण नाही. ऐन गर्दीच्या वेळी मेट्रो येते, पुढचा डबा खच्चून भरलेला, मागचा डबा खच्चून भरलेला, आणि मधला एक डबा काळोखा, कुलूपबंद, आत चिटपाखरू नाही, खुर्च्या कशा ओळीनं रिकाम्या... आणि तो नेमका कुठे येऊन थांबतो? माझ्या पुढ्यात! मी फलाटावर जागा बदलून पाहिली हो, तरी माझ्याच पुढ्यात! मग पळा पिशव्या सांभाळत पुढच्या डब्याकडे, आणि परक्या माणसाच्या पाठीला नाक लावून उभ्या राहा. बरं, का बंद? ते कुणी सांगायचं नाही. फलाटावरच्या त्या गणवेशवाल्याला विचारलं, तर म्हणतो, "बाई, बंद आहे म्हणून बंद आहे." घ्या! आता मला काय करायचंय म्हणा, पण माणसाला कळायला नको?

आणि त्या दिवशी तर, तुम्हाला सांगते, मी एकटीही नव्हते. आमच्या शेजारची होती बरोबर. नवीनच संसार आहे, ती दातांच्या दवाखान्यात कामाला, तो लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत. गोड जोडपं हो! पण मधली भिंत इतकी पातळ, की आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळापाशी उभं राहिलं, आणि मला तिथे उभं राहावंच लागतं, साखर तिथेच असते ना, की सगळं ऐकू येतं. मी ऐकत नाही. येतं! तर त्याची झाली बदली. दोन वर्षं परगावी. आणि पठ्ठ्यानं बायकोला न विचारता साहेबाला हो म्हणून टाकलं!

"मला विचारलंस? एकदा तरी?" ही.

"अगं, विचारणारच होतो..." तो.

"कधी? तिकडे पोचल्यावर?" ही.

आणि धाडकन दार! आमच्या फडताळातल्या बरण्या थरथरल्या. आमचे हे पेपराच्या मागून म्हणतात, "तू मध्ये पडू नकोस." मी कशाला पडू? मला काय करायचंय म्हणा!

सकाळी केर टाकायला म्हणून जिन्यात आले, तर ही समोर. हातात मोठी बॅग, डोळे सुजलेले.

"काकू, आईकडे चाललेय."

"किती दिवस गं?"

तर बॅग सावरत जिना उतरायलाच लागली! आता तुम्हीच सांगा, अशा पोरीला एकटं सोडायचं? मी म्हटलं, "थांब, मलाही तिकडेच जायचंय," केराची टोपली तिथेच ठेवली आणि सरकवल्या चपला पायात. तिकडे म्हणजे कुठे, ते मला वाटेत कळलं! मेट्रोनं बसस्टँड, आणि तिथून आईच्या गावची बस. म्हणजे तिला माघारी वळवायला माझ्या हातात मेट्रोतला तेवढाच काय तो वेळ. कारण एकदा का ती बसमध्ये चढली, की कारभार आटोपला! तिची आई मी बघितलेली आहे ना. रागावून आलेल्या लेकीला परत पाठवणाऱ्यातली ती नव्हे.

आली गाडी. आणि आला तो काळोखा डबा, अगदी वेळेवर, माझ्या पुढ्यात! पण त्या दिवशी काय व्हावं? एक दार उघडं! निळ्या कपड्यांतला एक फिटर आतून उतरला, तोंडात टॉर्च, हातात पाना, आणि गेला की पुढे ड्रायव्हरशी बोलायला. दार तसंच! तुम्हाला सांगते, समोर रिकाम्या खुर्च्या, उघडं दार, आणि हाताशी रडवेली मुलगी, जिच्याशी चार शब्द निवांत बोलायचेत... तुम्ही काय केलं असतं?

"काकू, हा बंद आहे."

"दार उघडं आहे म्हणजे चालू आहे. चल!"

ओढलंच तिला आत. बरं, आलोच आहोत तर मी जरा बघूनही घेतलं. वास नाही, सांडलवंड नाही, खुर्च्या धडधाकट. मग का बंद? विचार करतेय तोवर फिटर आला परत, आत बघितलंसुद्धा नाही, बाहेरूनच दार ओढलं, चावी फिरवली... खट्! गाडी सुरू.

म्हटलं ठीक आहे, बोलू तरी. "हे बघ बाळ, नवरे असेच असतात, आमच्या ह्यांनी तर..." पण हिचं लक्ष कुठे? ती एकदम उठून डब्याच्या टोकाला गेली. तिकडे दोन डब्यांच्या मध्ये दार असतं ना, काचेचं, आणि पलीकडे पुढच्या डब्याचं तसंच दुसरं? दोन्हीला कुलूप. आणि पलीकडच्या काचेला नाक चिकटवून कोण उभं? तो! शर्टाची बटणं वरखाली, बुटाची नाडी सुटलेली, धावत येऊन कसाबसा पुढच्या डब्यात घुसलेला. काय ओरडत होता! म्हणजे तोंड उघडत मिटत होतं. आवाज? शून्य! दोन दारं, मध्ये गाडीचा खडखडाट, जमिनीखाली फोन मुका. अहो, भिंतीतून ज्याची जांभईसुद्धा मला ऐकू येते, तो वीतभर अंतरावर आपल्या जन्माचं बोलत होता आणि माझ्या कानात एक अक्षर पडेल तर शपथ!

तेवढ्यात बसस्टँडचं स्टेशन आलं. सगळ्यांची दारं उघडली, आमचं नाही! मी दार बडवतेय, घंटेचं बटण दाबतेय, तर ते पण बंद! बाहेर उजेड, आत अंधार, त्यामुळे आमच्या काचेचा झाला होता आरसा. माझ्या नाकासमोर एक बाई शांतपणे ओठ रंगवत होती! मी आतून "अहो! अहो!" तिचा वरचा ओठ झाला, तिनं खालचा घेतला. निघाली की गाडी! वळून बघते तर काय, शेजारचीला बसस्टँडची शुद्धच नाही. ती काचेतून बघतेय आणि मान डोलावतेय!

"तुला कळतंय काय बोलतोय तो?"

"हो."

"कसं?"

"काकू, दिवसभर तोंडात कापूस कोंबलेल्या लोकांशीच बोलते मी. शू!"

मला शू! मी आणलं तिला तिथवर, आणि मलाच शू! पलीकडे त्याच्या पाठीमागे सगळा डबा कान टवकारून. चौकड्यांच्या कोटातली एक बाई चक्क डोळे पुसत होती. एका जाड्या गृहस्थानं त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणजे सगळ्या परक्यांना ऐकू येतंय, आणि शेजारीण कोरडीच! त्यानं दोन बोटं दाखवली. हिनं मान हलवली. त्यानं एक दाखवलं. हिनं कपाळाला हात लावला. मग त्यानं कान धरले, काहीतरी लांबलचक बोलला, आणि... माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्याकडे! आणि ही खुदकन हसली. पलीकडचा अख्खा डबा हसला!

"काय म्हणाला? माझ्याबद्दल काय म्हणाला?"

"काही नाही, काकू."

शेवटच्या स्टेशनावर फिटरनं दार उघडलं, तो आम्हाला बघून असा किंचाळला, की पाना पायावर पडला. मी म्हटलं, "ते राहू दे, आधी सांग, डबा का बंद होता?" तर म्हणतो, "दारं उघडत नाहीत म्हणून." एवढंच! तोवर त्या दोघांनी बॅगेचा एकेक बंद धरला होता आणि निघालेही होते घराकडे. माझ्या पुढे. कुजबुजत.

आता बदली रद्द झाली, की एकच वर्ष झालं, की ही पण जाणार? काही पत्ता नाही. फडताळापाशी उभी राहून राहून माझे पाय गेले. पलीकडून येतं ते नुसतं खिदळणं! मला काय करायचंय म्हणा, पण रोज त्याच वेळेला मी आपली सहज मेट्रोनं जाऊ लागले, आणि परवा भेटली की हो ती चौकड्यांच्या कोटाची बाई! मी तिचा हातच धरला.

"तुम्ही होतात ना? काय म्हणाला तो?"

ती म्हणते, "अय्या, त्या काकू तुम्हीच! तो म्हणाला, 'तू गेलीस, तर का गेलीस ते काकू सगळ्यांना सांगतीलच. पण परत आलीस, तर का आलीस ते आपल्या दोघांतच ठेवू. काकूंना अजिबात सांगायचं नाही.'"

"बरं, मग? का आली?"

"आता ते मी कसं सांगू? त्यानं आम्हा सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय!"

बघा! संसार सावरला तो माझ्यामुळे, आणि अख्ख्या डब्याला कारण माहीत, फक्त मला नाही. असू दे. सुखात आहेत ना, झालं तर. मला काय करायचंय म्हणा...

पण मी काय म्हणते, तुमच्यापैकी कुणी होतं का हो त्या दिवशी, पुढच्या डब्यात?