पदर उलटून बघा

मंडळी, या, पुढं सरका. पुढच्या सतरंजीला काटे नाहीत. पेटीवाले, सूर जरा खालचा द्या, कालच्या गावातल्या भज्यांनी आमचा गळा धरलाय.

ज्यानं ही सगळी सृष्टी पुढून आणि मागून एकाच मायेनं विणली, त्या थोर विणकऱ्याला आधी नमस्कार. आता प्रश्न. आज एकच आहे, पण अवघड आहे.

देव तुमच्या घरी यायला निघाला, तर कुठल्या दारानं येईल?

पुढच्या? वाटलंच! पुढं तोरण आहे, रांगोळी आहे, नावाची पितळी पाटी आहे. आणि तो मागच्या दारानं आला तर? मोरीवरून, फुटक्या बादलीवरून? काकू, हसू नका. तुमच्याकडं बघून बोललो असतो, तर तुम्ही हसला नसता!

म्हणा माझ्यामागं. शब्द माझेच आहेत, चालही माझीच, तेव्हा चुकलं तरी कोणी पकडणार नाही —

पुढून रेशीम, मागून गाठी ।
सांग रे मना, कोणासाठी? ॥

तर ऐका. येवलं गाव. पैठणीचं गाव. तिथं मदनशेठ गुजर नावाचे एक मोठे व्यापारी. दिलदार माणूस, पण हौस दांडगी. त्यांच्या मनानं घेतलं, हमरस्त्याला आपली जागा आहे, तिथं इमारत उठवायची. खालचे तीन मजले बुटीक हॉटेल, वर आठ मजले राहायचे फ्लॅट.

आता बुटीक हॉटेल म्हणजे काय? मलाही ठाऊक नव्हतं. मला वाटलं, खाली कपडे विकतात आणि वर जेवायला वाढतात! तसं नाही हो. मोजक्या खोल्या, प्रत्येक खोलीचा थाट निराळा, गावाचं जे काही खास ते भिंतीभिंतीवर, आणि चहाचा कप आपल्या घरच्यापेक्षा निम्मा.

हे काम शेठनी दिलं नाशिकच्या ऋजुता टिळेकरला. आर्किटेक्ट. वय बत्तीस. आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली जिने काढले, न्हाणीघरं काढली. स्वतःच्या नावानं ही पहिलीच इमारत. शेठ तिला म्हणाले, "मॅडम, रस्त्यावरून जाणाऱ्यानं गाडी थांबवून म्हटलं पाहिजे, ही येवल्याची इमारत. एवढं करा. नाही जमलं तर पुण्याचे एक साहेब तयारच आहेत."

बघा, आशीर्वाद देता देता चिमटा काढायची ही कला शेठ लोकांना जन्मतःच येते.

पण पोरगी कामाची. ती इंटरनेटवर मोर शोधत बसली नाही. शेठच्या जागेच्या मागं विणकरांची गल्ली होती, तिथं गेली. गल्लीत लहानूआप्पा साळी. सत्तरी ओलांडलेली, पन्नास वर्षं मागावर. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे, समोर रेशमाचा ताणा, खिडकीतून येणारा उजेड, आणि बोटं अशी चालायची की तुम्ही-आम्ही जपमाळही तशी ओढत नाही. ऋजुता आठ दिवस त्यांच्याजवळ बसली. पदरावरचा मोर काढून घेतला, वेल काढून घेतली, नारळी काठ तर वहीत दहा वेळा गिरवला. आप्पा बोलायचे कमी. एकदाच म्हणाले, "ताई, चहा थंड झाला."

पुढं दोन महिने तिनं रात्रीचा दिवस केला आणि लाकडाचं, पुठ्ठ्याचं हातभर उंचीचं मॉडेल केलं. काय सांगू मंडळी! रस्त्याकडची अकरा मजल्यांची भिंत म्हणजे उभा पदर. विटा अशा पुढं-मागं बसवलेल्या की ऊन पडलं की सावल्यांतून नारळी काठ दिसावा. गॅलऱ्यांना मोरपंखी रंग. शेठकडं न्यायच्या आधी ती ते घेऊन गेली कुठं? आप्पांकडं. ज्याच्याकडून शिकलो त्याला आधी दाखवावं. संस्कार चांगले होते.

आप्पांनी चष्मा पुसला. बराच वेळ बघितलं. "काठ बरोबर धरलाय," म्हणाले.

ऋजुताच्या डोळ्यांत पाणीच आलं. पन्नास वर्षांच्या बोटांनी पावती दिली! आणि एवढ्यात, मंडळी, आप्पांनी ते मॉडेल दोन्ही हातांनी धरलं आणि गर्रकन फिरवलं.

मागं काय? कोरी भिंत. तिच्यावर नळांच्या रांगा, एसीच्या पेट्या, हॉटेलच्या भटारखान्याचा धूर सोडायचा पंखा, आणि खाली कचऱ्याच्या डब्यांची जागा.

"हे काय?"

"ही मागची बाजू, आप्पा."

"मागची म्हंजी कुणाकडची?"

ऋजुतानं वाकून बघितलं. धुराचा तो पंखा बरोबर आप्पांच्या खिडकीसमोर होता. ज्या खिडकीच्या उजेडात आठ दिवस बसून तिनं मोर काढून घेतला, त्याच खिडकीत तिनं तळणाचा धूर सोडला होता. रेशीम तेलकट होणार, जरीची तार काळवंडणार. आणि तिला हे दिसलंच नव्हतं!

आप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, भांडता तरी आलं असतं. ते उठले, पेटीतून एक तयार पैठणी काढली आणि तिच्या मांडीवर पदर पसरला. एकदा असा, एकदा उलटा. "ताई, यातली सुलटी बाजू कंची, सांगा बरं."

तिनं डोळ्याजवळ नेऊन बघितलं. मोर इकडूनही तसाच, तिकडूनही तसाच. कुठं गाठ नाही, लोंबता धागा नाही. मंडळी, हातमागाच्या अस्सल पैठणीची हीच तर खूण! आठ दिवस ही पोरगी पदर काढत होती, पण एकदाही तिनं तो उलटून बघितला नव्हता.

"मागनं एवढं कोण बघतं, आप्पा?" तिनं हळूच विचारलं.

"बघत कुणीच नाही. पर नेसणारीच्या अंगाला कंची बाजू लागती? मागचीच ना? गाठ असली तर बघणाऱ्याला नाही टोचत. तिला टोचती."

पेटीवाले, थांबा. हे वाक्य जरा पोटात जाऊ द्या.

पुढून रेशीम, मागून गाठी ।
सांग रे मना, कोणासाठी? ॥

ऋजुता घरी गेली ती मान खाली घालून, पण दुसऱ्या सकाळी कागद पसरून बसली. धुराचं नळकांडं आतून थेट गच्चीच्या वर नेलं. नळ भिंतीच्या पोटात घेतले, एसीच्या पेट्या वर चढवल्या, कचरा बाजूच्या फाटकाशी नेला. मागच्या भिंतीलाही तोच विटांचा काठ दिला, आणि गल्लीकडं तोंड करून एक लांब ओसरी. पहिल्या नकाशात शेठना हॉटेलच्या चौदा खोल्या दाखवून झाल्या होत्या, या सगळ्यात त्यातल्या दोन गेल्या. बाराच उरल्या.

आता हे शेठना कोण सांगणार?

सोमवारी पेढीवर बैठक. शेठ गादीवर, ऋजुता समोर, मध्ये नवं मॉडेल. शेठनी पुढून बघितलं, खूश! मग खोल्या मोजल्या. चेहरा उतरला.

"दोन खोल्या कुठं गेल्या?"

"मागच्या बाजूला लागल्या, शेठ."

"मॅडम, गल्लीच्या बाजूला नक्षी? तिकडं गिऱ्हाईक येतं का? रस्ता पुढं आहे. मागं कोण बघतंय!" आणि हात फोनकडं गेला. पुण्याच्या साहेबांचा नंबर पाठच असावा. "जुना नकाशाच ठेवा. नाहीतर राहू द्या."

झालं! पहिलं काम, स्वतःचं नाव, सगळं त्या एका 'राहू द्या'वर येऊन टांगलं. तुम्ही असता तर काय केलं असतं? खरं सांगा. जुना नकाशा काढला असता. मीही काढला असता! ती मात्र म्हणाली, "जुना मी नाही देणार, शेठ. दुसऱ्या कोणाकडून करून घ्या." आणि कागद गुंडाळायला लागली. गुंडाळी वाकडी होत होती.

तेवढ्यात दारात लहानूआप्पा! काखेत कापडाचं गाठोडं. शेठच्या लेकीचं लग्न ठरलेलं, तिची लग्नाची पैठणी आप्पांकडंच विणायला होती. आजचाच वायदा.

शेठ फोन विसरले. बाप हो शेवटी! "आणा, आणा आप्पा!" पैठणी हातात घेतली आणि, मंडळी, नीट ऐका, शेठनी पहिली गोष्ट कुठली केली? पदर उलटला! मागून अंगठा फिरवला, उजेडात धरला, एकेक मोर तपासला. खानदानी पारखी माणूस, तिसऱ्या पिढीची सवय. "वा! एक गाठ नाही. माझ्या पोरीच्या अंगाला काही टोचायचं नाही."

ऋजुता कागद गुंडाळायची थांबली. अगदी साध्या आवाजात म्हणाली, "शेठ, मागं कोण बघतंय?"

शेठनी पदराकडं बघितलं. मॉडेलकडं बघितलं. मग ते स्वतःच्या हातानं फिरवलं, मागची बाजू पुढं. आणि शेठ पोट धरून हसायला लागले.

"आप्पा, हिला तुम्ही शिकवून आणली का?"

"मी फक्त साडी आणली," आप्पा म्हणाले.

फोन खिशात गेला. बारा खोल्यांवर सही झाली.

इमारत उभी राहिली, मंडळी. आता गंमत अशी की पाहुणे रस्त्याकडच्या ऐटबाज दिवाणखान्यात बसतच नाहीत. चहा घेऊन मागच्या ओसरीवर येतात, गल्लीतल्या मागांचा खटखट आवाज ऐकत बसतात. वरच्या फ्लॅटातल्या बायका तिथंच गव्हाचं निवडण घेऊन बसतात. आणि आप्पांच्या खिडकीत उजेड तसाच येतो, धुराचा वास नाही.

आता तुमच्याकडं वळतो. पळू नका!

आपण सगळे हमरस्त्याकडं तोंड केलेल्या इमारती आहोत. बाहेर 'या, बसा', घरात बायकोशी बोलताना मात्र गाठीच गाठी. साहेबापुढं रेशीम, भांडी घासणाऱ्या मावशींपुढं लोंबते धागे. आपली मागची बाजू कोणाच्या अंगाला लागते, तेवढं बघा. जग बघत नाही. ज्याला टोचतं त्यालाच कळतं. आणि देव, मंडळी, शेठसारखाच जुना पारखी आहे. हातात घेतल्या घेतल्या उलटूनच बघतो!

माझंही सांगतो. ही माझी उपरण्याखालची बंडी पाठीवर तीन ठिकाणी फाटलीय, म्हणून मी तुमच्याकडं पाठ करत नाही.

आणि विश्वस्त मंडळी, तुम्ही पहिल्या रांगेत आहात म्हणून सांगतो. दुपारी मी या देवळाला मागून प्रदक्षिणा घातली. निर्माल्याचा तो ढीग, ती तुंबलेली मोरी, आणि तिला लागून ज्या माउलीची स्वयंपाकघराची खिडकी आहे, तिनं गेल्या वर्षापासून ती उघडलेली नाही. मी विचारून आलो.

तेव्हा आता आरती होईल. आरतीनंतर प्रसाद आहे, शिरा आहे, बेदाणे घातलेला. पण समोरच्या दारी नाही मिळायचा. पातेलं मी मागच्या दारी ठेवायला सांगितलंय, त्या माउलीच्या खिडकीखाली. चला, सगळे मागून या. अध्यक्षसाहेब, तुम्ही सगळ्यांच्या पुढं!