जाळी बुजवू नये

हो ताई, ती पाटी मीच लावली — हसा, हसा, शुद्धलेखन चुकलेलं असणारच, सातवीत शाळा सुटली माझी, बोलणंही असं साधंच, तर माफ करा — पण पाटी काढू नका. 'जाळी बुजवू नये', एवढंच तर लिहिलंय. ही बघा, तुम्ही दुरुस्तीला आणलेल्या या राहत्या गाडीच्या तळातली जाळी, आणि हिच्यात कोंबलेलं हे काय निघालं? बाळाचं दुपटं. वारा लागतो, बाळ शिंकतं — कळतं मला, थंडीत खालून सुरीसारखा वारा येतो. पण हवा यायला ही जाळी आणि जायला छतावरची, एवढंच तर आहे या डब्याला. आणि विषारी गॅस साठला की वाजणारा हा भोंगा, याची बॅटरी कुठाय? केकाटतो म्हणून काढली? केकाटणारच ना, त्याचं कामच ते! नाही नाही, किल्ली देतो, मी कोण अडवणारा — फक्त नवी बॅटरी बसवू द्या.

वास येईल म्हणता? सिलिंडर गळला तर येतो. पण कोंडलेल्या जागेत हीटर जळत राहिला की जो विषारी वायू होतो, त्याला वास नाही, रंग नाही — कार्बन मोनॉक्साइड, नावही मी नंतर शिकलो. माणूस आधी झिंगतो. डोकं ठणकतं, ओकतो, जीभ जड पडते. कुणीही म्हणेल, प्यायलाय. आमचे बाबा म्हणालेच की.

माझा थोरला भाऊ, दादा. त्याचीही अशीच गाडी, स्वतः बनवलेली, दारातच उभी — लग्न झालं की हिच्यातूनच हिंडणार म्हणायचा, आई म्हणायची, आधी मुलगी तर बघ! त्यानेही जाळीला चिकटपट्टी मारलेली, वाऱ्यासाठीच. दुपारी हीटर लावून आत फळ्या ठोकत बसला होता, आणि दार उघडून पायरीवरून कोसळलाच. ओकला. मी कामावर होतो, हे सगळं आईने सांगितलेलं. आमचे आजोबा दारूने गेले, त्यामुळे बाबांना झोकांडी दिसली की पुढचं काही दिसत नाही. कमरेचा पट्टा काढला. बकलाच्या बाजूने मारला ताई — कान फाटला, भुवई फाटली. दादा हात जोडायला बघायचा आणि हात जुळायचेच नाहीत, एकमेकांना चुकायचे. आई ओरडली, "अहो, तोंडाचा वास तरी घेऊन बघा!" तर म्हणाले, "बिनवासाची ढोसलीय, महागातली!" — शेजारचे हसले म्हणे. आणि गंमत बघा — गंमत कसली — मार खात होता तेवढा वेळ तो मोकळ्या हवेत होता ना! सावरायलाही लागला होता. "बाबा, नाही हो," असं नीट बोलला, आई म्हणते. अजून मारत राहिले असते तर वाचला असता. पण हात भरून आला त्यांचा. गचांडी धरून परत गाडीत फेकला, बाहेरून कडीला कुलूप घातलं. "उतरली की हाक मार." आत हीटर चालूच.

मी आलो, हातोड्याने काच फोडली, ओढून काढला. छाती दाबत राहिलो, बरगडी मोडली माझ्या हाताखाली, कडकन — तरी दाबतच राहिलो. गाल लालबुंद होते त्याचे — हा वायू मेलेल्यालाही असा रंग देतो, हेही नंतर कळलं. आई म्हणाली, बघ रे, रंग आला परत.

ही बसली बॅटरी. ऐकलंत? असा केकाटला की आधी बाळाला घेऊन बाहेर पडायचं, मग बाकीचं. घ्या किल्ली.

काय? बाबा? जाऊ द्या ना ताई... बाबा रडले नाहीत, रात्रभर भिंतीकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्कशॉपातून घण आणला आणि ती गाडी फोडायला घेतली — दिवे, आरसे, पुढची काच, मग पत्रा, हातांची सालं निघाली तरी घालतच होतो. बाबा घरातून आले. वाटलं, अडवतील. त्यांनी दार उघडलं, आत जाऊन बसले, दार ओढून घेतलं.

"थांबू नकोस," म्हणाले.

मी थांबलो नाही.