सासूबाईंचा फोन रूट केला तेव्हा

फोन रूट करण्याचे फायदे आमच्या ह्यांना विचारा. तोटा मी सांगते.

आमचं सासर कानडी मुलखातल्या वडगावचं, कापडाचे स्वतःचे माग, घरापासून जरा लांब. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले, म्हणून मला त्यांचा फक्त आवाज ठाऊक. सासूबाईंच्या जुन्या फोनवर सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचे. मागावरून ते घरी फोन करायचे आणि मागांच्या खडखडाटात ओरडायचे, "चहा झाला काय गं?" सासूबाई ते कॉल रोज चहा गाळताना लावायच्या. एकदा चुकून त्यांच्या हातून त्यातला एक पुसला गेला.

"रडू नको गं आई," हे म्हणाले. "फोन रूट केला की पुसलेलं बी काढता येतंय. कंपनीनं घातलेलं कुलूप तेवढं खोलायचं."

स्क्रीनवर इशारा आला. मी म्हटलं, "अहो, सगळं पुसलं जाईल म्हणतोय."

"तसं सगळ्यांनाच भ्या घालतात," म्हणत ह्यांनी बटण दाबलं.

फोन सुरू झाला तो अगदी कोरा. एका कॉलपायी सगळेच गेले.

ह्यांचा चेहरा उतरला. कोऱ्या स्क्रीनवर बोट फिरवत म्हणाले, "आई, फोन लई फास्ट झालाय बघ."

"फास्ट घेऊन काय करू रं?"

सासूबाईंनी फोन घेतला आणि सासऱ्यांचा पाठ असलेला नंबर लावला. आतली बाई कन्नडात म्हणाली, हा नंबर वापरात नाही. सासूबाईंना कन्नड चांगलं कळतं. तरी ती बाई गप्प होईपर्यंत त्यांनी फोन कानापासून काढला नाही.