पहिल्या पानावरची मुलगी

लेखक: चष्मा लाव आणि नीट बघ. हे रोमचं पुस्तक. पहिलं पान. नदी, गवत, सात टेकड्या. आणि ही कोण?

ताई: कोण म्हणजे? मुलगी आहे.

लेखक: मुलगी आहे ते मलाही दिसतंय. भिंग लावल्यावर दिसतंय! आता हे बगदाद. खजुराची झाडं, आणि ही बघ, झाडामागे. आता लंडन. धुकं, पाणथळ, आणि धुक्यात परत हीच बया!

ताई: लंडनमधली छान जमली होती. धुक्यात तिची वेणी दिसावी म्हणून दोन दिवस खपले मी.

लेखक: ताई, मी थट्टा करत नाहीये. अकरा शहरं, अकरा पुस्तकं, आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावर माझं एकच वाक्य आहे...

ताई: "फार फार पूर्वी इथे कोणीच नव्हतं." पाठ आहे मला.

लेखक: मग जिथे कोणीच नव्हतं, तिथे तू माणूस कसं काढलंस?

ताई: आणि तुला हे दिसायला नऊ वर्षं लागली?

लेखक: मला कुठे दिसलं? आठ वर्षांच्या एका मुलीला दिसलं. प्रकाशकांकडे पत्र आलंय. ऐक. "लेखककाका, तुम्ही म्हणता इथे कोणीच नव्हतं. मग ही कोण आहे? ही प्रत्येक शहरात सगळ्यांच्या आधी कशी पोचते? ही मरत नाही का? आणि हिच्या पाठीवरच्या गाठोड्यात काय आहे? लवकर कळवा, आमच्या वर्गात पैज लागली आहे."

ताई: आठ वर्षांची? बरोबर वय आहे.

लेखक: कशाला बरोबर?

ताई: काही नाही. गोड पत्र आहे हो. माझ्याकडे दे, मी जपून ठेवते.

लेखक: विषय बदलू नकोस. नऊ वर्षं मी प्रत्येक पान डोळ्यांखालून घातलंय.

ताई: डोंबल घातलंयस. तू पहिल्या पानापासून लिहीत पुढे जातोस, मी शेवटच्या पानापासून काढत मागे येते. आधी आजचं शहर काढायचं, वर ट्रेसिंगचा कागद ठेवायचा आणि एकेक गोष्ट गाळायची. उंच इमारती गेल्या, रेल्वे गेली, पूल गेला, तट गेला. मधल्या पानावर आपली गाठ पडते, भांडतो, चहा पितो, आणि परत तू तिकडे, मी इकडे. माझं शेवटचं चित्र येईपर्यंत तू पुढच्या शहरात पोचलेला असतोस.

लेखक: छापायच्या आधी पाहतो की.

ताई: पाहतोस, आणि अक्षर मोठं करा म्हणतोस.

(फोन वाजतो. लेखक आवाज मोठा करून तो दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवतो.)

संपादक: सर, ठरलं का? नव्या आवृत्तीच्या फाइली आज पाचला छापखान्यात जायच्यात. आमचा डिझायनर तयार बसलाय. अकरा पानांवरची मुलगी पुसायची, तासाभराचं काम. मागे नुसतं गवत येईल, कोणाला कळणारही नाही.

ताई: कोणाला कळणार नाही म्हणजे?

संपादक: अय्या, ताई, तुम्ही पण आहात होय! तसं नाही हो, चित्र सुंदरच आहे. पण मजकूर म्हणतो कोणी नाही आणि चित्रात आहे कोणीतरी. शाळांमध्ये जातात ना ही पुस्तकं, शिक्षक विचारतात.

ताई: मग मजकूर बदला.

लेखक: का म्हणून? ते वाक्य मुलांना तोंडपाठ आहे. पत्रांत लिहून पाठवतात!

संपादक: तुम्ही दोघं बोलून घ्या. मी चारला परत फोन करते. तोवर काही ठरलं नाही तर पुसूनच टाकते, चालेल ना? ठेवते.

ताई: पुसू देऊ नकोस.

लेखक: अगं, बोटाच्या पेराएवढी आहे ती.

ताई: असू दे. एकदा पुसून झालंय तिला. पुन्हा नाही.

लेखक: कोणी पुसलं? कधी?

ताई: मला सांग, ते वाक्य तुला सुचलं कुठून?

लेखक: तुला माहीत आहे की. पुलाजवळच्या बागेतला दगड. शाळेतून आणताना तू मला तिथे बसवायचीस, जोडाक्षरं मी त्याच्यावरच शिकलो. "या जागी पूर्वी केवळ दलदल होती. येथे कोणीही राहत नव्हते." काय भारी वाटायचं मला! काहीच नव्हतं, आणि आता बघा, बाग, कारंजं, पूल. अंगावर काटा यायचा.

ताई: माझ्याही यायचा.

लेखक: मग?

ताई: त्या दगडापासून दहा पावलांवर आपली चूल होती.

लेखक: कोणाची?

ताई: आपली. आईची. चाळीसेक घरं होती तिथे, पत्र्याची, फळ्यांची. समोरचे आजोबा मासेमारीची जाळी विणायचे. पलीकडे एक शिंपी, त्याच्याकडे एकच मशीन आणि दारात ही रांग. नदीचं पाणी वाढलं की खाट विटांवर चढवायची आणि वर बसून पत्ते खेळायचे. दलदल कसली आलीये? चिखल होता, चार दिवस.

लेखक: आपण स्टेशनमागच्या खोलीत राहायचो. आईनं स्वतः सांगितलंय मला.

ताई: ते नंतर. तू दीड वर्षाचा होतास, मी आठ वर्षांची. सकाळी गाड्या आल्या, दुपारपर्यंत सगळं सपाट. मग बाग झाली, पूल झाला आणि दगड बसवला. स्टेशनकडच्या शाळेत नदीकाठची पोरं घेत नव्हते, म्हणून आईनं पत्ता बदलला आणि मला शपथ घातली. तुझ्यासमोर चकार शब्द काढायचा नाही.

लेखक: पण दगडावर कोरलं होतं, ताई!

ताई: कोरणाऱ्याला जे लिहून दिलं ते त्यानं कोरलं.

लेखक: आणि मी ते तुझ्यासमोर मोठ्यानं वाचायचो.

ताई: रोज. चुकलास की मीच सुधारून द्यायचे.

लेखक: मग एक धपाटा घालायचा होतास!

ताई: कशासाठी? तुझं वाचन सुधारत होतं.

लेखक: आई जाऊन बारा वर्षं झाली. शपथ कसली पाळतेस अजून?

ताई: शपथ नाही रे. बोलायची सवयच मोडली होती. तोंड उघडवेना. मग पहिलं पुस्तक आलं. सगळं गाळून झालं, नुसतं गवत उरलं, आणि खाली तुझं वाक्य. माझं डोकंच फिरलं! म्हटलं, लिही तू काय लिहायचं ते, मी काढते. दर पुस्तकाला वाटायचं, आता बघेल, आता विचारेल. वाईट वाटायचं रे. बाराव्या पुस्तकात मी तिला काढायचं सोडून देणार होते.

लेखक: थांब, थांब. तो कागद दे इकडे. आजोबा जाळी विणायचे. कसली जाळी, सुताची? आणि शिंप्याचं पुढे काय झालं? कुत्रं होतं का आपल्याकडे?

ताई: एका वेळी एक विचार. कुत्रं सगळ्या वस्तीचं होतं. तुझे कान चाटायचं.

लेखक: आणि चूल नक्की कुठे? कारंज्याच्या अलीकडे की पलीकडे?

ताई: आइस्क्रीमची गाडी उभी राहते ना, तिथे. उद्या चल, उभं करून दाखवते.

लेखक: उद्या कशाला, आजच. थांब, तिचाच फोन. हॅलो?

संपादक: सर, चार वाजले. पुसू ना?

लेखक: चित्राला हात लावायचा नाही. वाक्य बदलतोय, लिहून घ्या. "फार फार पूर्वी इथे कोण राहत होतं, ते कोणी लिहून ठेवलं नाही."

संपादक: अकराही पुस्तकांत?

लेखक: अकराही. आणि बाराव्याचं शहर मी बदलणार आहे. परदेशी जायचं नाही. आपलंच शहर, नदीकाठापासून.

संपादक: बघू सर, त्यावर सोमवारी बसू. आता हे घालते पटकन. आणि त्या मुलीला उत्तर आज पाठवाल ना? गाठोड्यात काय आहे तेवढं मला आधी सांगा हो. इथे ऑफिसातही पैज लागलीये. मी कपडे म्हटलंय.

लेखक: ताई, कपडे की भांडी?

ताई: कपडे, भांडी सगळं आईच्या डोक्यावर होतं. माझ्याकडे एकच गोष्ट दिली होती, चादरीत बांधून.

लेखक: मग काय लिहू तिला?

ताई: लिही, दीड वर्षाचा लेखक आहे. झोपलाय, म्हणून त्याला कोणी दिसलं नाही.